बोटीआधीचा मुक्काम

गाडीच्या पुढच्या चाकाला पिवळा जॅमर लागलेला दिसला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते, आणि बोटीचं दार बरोबर दोन वाजता बंद होणार होतं.

रोहायुने आईची बॅग तिथेच फुटपाथवर ठेवली. तिने आधी चाकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. जोहारी गाडीभोवती एक चक्कर मारून आला, जणू मागून पाहिलं तर जॅमर निघालेला असेल. तो तसाच होता. आई मात्र शांतपणे सावली बघून भिंतीला टेकून उभी राहिली. घरात सगळे तिला मक, म्हणजे आई, म्हणत. मक कलसोमचं वय चौऱ्याहत्तर. गुडघे गेलेले, पण डोळ्यांना आणि कानांना अजून काही झालेलं नव्हतं.

"तू कुठे लावलीस गाडी?" रोहायुने विचारलं.

"इथेच. काल तूच म्हणालीस ना, छान जागा मिळाली म्हणून."

म्हणाली होती खरी. सिंगापुरातल्या गेलांगच्या त्या गल्लीत स्वस्त हॉटेलं पायलीला पन्नास, पण गाडी लावायला एकाकडेही वीतभर जागा नाही. हॉटेलच्या मागे कुठल्याशा मंडळाची इमारत होती, आवारात गाड्या उभ्या होत्या, आणि दोन गाड्यांच्या मागे आडवी जागा मोकळी होती. जोहारीने मलेशियातल्या मुआरमधला कुणीही माणूस करतो तेच केलं. गाडी आडवी लावली, न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक सोडला आणि काचेमागे कागदावर मोठ्या आकड्यांत आपला मोबाईल नंबर ठेवला. ज्याला गाडी काढायची असेल तो ढकलेल, नाहीतर फोन करेल. बाजारात असंच, मशिदीबाहेर असंच, लग्नाच्या मांडवाबाहेरही असंच. आयुष्यात त्याला कुणी त्याबद्दल नावं ठेवली नव्हती.

इमारतीचा वॉचमन छातीवरची रमली नावाची पाटी नीट करत बाहेर आला. साठीचा, मलयच.

"ही तुमची? वा! सकाळी सहापासून तुमचीच वाट बघतोय."

"पाकचिक," जोहारी त्याला काका म्हणत बोलला, "नंबर ठेवला होता की काचेवर! जरा ढकलली असती तर सरकली असती."

"ढकलली असती? इथे परक्याच्या गाडीला बोट लावलं तर पोलीस येतो. आणि नंबर म्हणाल तर एकवीस वेळा लावला. आतली बाई सांगते, बंद आहे, बंद आहे. नंबर काय शोभेला ठेवला होता?"

जोहारीने बायकोकडे पाहिलं. रोहायुने मान फिरवली. काल पुलावर, सिंगापूरची हद्द लागायच्या आधी, दोघांचेही फोन तिनेच बंद करायला लावले होते. परदेशात फोन चालू राहिला की बिल किती येतं ते तिच्या भाच्याने सांगितलं होतं. काटकसर तिची, आणि फास नवऱ्याच्या गळ्यात. तिला स्वतःचीच चीड आली.

रमलीने मग सगळं सविस्तर सांगितलं. अडकलेली गाडी एका म्हाताऱ्या गृहस्थांची होती. त्यांच्या बायकोचं आज डोळ्याचं ऑपरेशन. बिचारे अंधारात टॅक्सी शोधत गेले, आणि जाताना जॅमरवाल्यांना फोन करून गेले. आता जॅमर काढणारा माणूस एकच, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. तीनपर्यंत येतो म्हणाला होता.

"तीन?" रोहायुचा आवाज चिरकला. "आमची बोट आहे! दोनला दार बंद होतं!"

"मग बोटीला सांगा थांबायला."

ह्या बोटीसाठी रोहायुने तीन वर्षं मुआरच्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये पहाटे चारला उठून भाताच्या पुड्या बांधल्या होत्या. आई अजून चार पावलं चालते आहे तोवर तिला एकदा मोठ्या बोटीत बसवायचं, तीन रात्री समुद्रावर फिरवायचं, पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवू घालायचं, एवढं तिने ठरवलं होतं. तिकीट स्वस्तात मिळालं. पुढे कळलं की तिकीट हा त्यातला सोपा भाग. बोट सिंगापूरहून सुटणार, मुआरहून त्याच दिवशी निघावं तर पुलावरच्या गर्दीचा नेम नाही, डिसेंबरच्या सुट्टीत तर नाहीच. म्हणजे आदल्या रात्री शहरात मुक्काम हवा. आणि चार दिवस गाडी कुठेतरी ठेवायला हवी.

तीन आठवडे रोज दुपारी कॅन्टीनची भांडी पालथी घातली की ती बाकावर मोबाईल घेऊन बसायची. बंदराजवळच्या हॉटेलचा एका रात्रीचा भाव बघितला की घरचा महिन्याचा किराणा डोळ्यांपुढे यायचा. स्वस्तात जावं तर खोलीला खिडकी नाही, नाहीतर संडास मजल्याच्या टोकाला. काही हॉटेलं तर तासावर मिळत होती, तिथे आईला काय म्हणून न्यायचं? धक्क्यावरचं पार्किंग बघून जोहारी म्हणाला होता, "एवढ्यात आणखी एक गाडी येईल." आई शेजारी बसून शेंगा सोलायची आणि रोज तोच प्रश्न विचारायची, "मग उतरायचं कुठे?" रोहायु रोज सांगायची, "हॉटेलात, मक. शोधतेय." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हातारीला आता विसरायला होतं, असं रोहायुने मनाशी धरलं होतं.

ह्या शहरात तिची सख्खी धाकटी बहीण राहत होती. बंदरापासून दहा मिनिटांवर, तलोक ब्लांगाला.

मस्तुराचं नाव त्या तीन आठवड्यांत फक्त जोहारीने एकदा काढलं होतं. स्वस्त पार्किंग शोधता शोधता त्याला मस्तुराच्या बिल्डिंगखालचे पांढऱ्या रेघांचे चौकोन सापडले. कुणीही गाडी ठेवावी, दिवसाचे पैसे भरावेत. "गुपचूप लावू, गुपचूप काढू," तो म्हणाला. रोहायु उसळली. "बापाची गाडी आहे ती. तिसऱ्या मजल्यावरून ओळखेल ती." जोहारी म्हणाला, "मग ओळखू दे की. बहीण आहे तुझी, पोलीस नाही." त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती.

बाप गेला ते वर्ष पूल बंद असल्याचं. आजाराच्या भीतीने दोन्हीकडची दारं लावून घेतलेली. बापाला आंघोळ घालणं, औषध पाजणं, शेवटी कूस बदलणं, सगळं रोहायुने एकटीने केलं. दफनाला मोजकी माणसं. मस्तुराने ते फोनवर पाहिलं. पूल उघडला तशी मस्तुरा पहिल्याच बसने आली. मक तेव्हा दवाखान्यात गेली होती. रोहायु घरात होती. फाटकाशी बहीण दिसली आणि हिने दाराला आतून कुलूप घातलं, मागच्या खोलीत जाऊन बसली. का? तिलाही सांगता आलं नसतं. एवढ्या महिन्यांचा राग कुणावर तरी काढायचाच होता. मस्तुराने हाका मारल्या, अर्धा तास उभी राहिली आणि कबरीवर जाऊन तशीच परत गेली. आईला तिने सांगितलं की घाईत होते, घरी येता आलं नाही. तेव्हापासून ती दर शुक्रवारी आईला फोन करी, सुट्टी मिळत नाही म्हणे, आणि तेवढा वेळ रोहायु परसात कपडे वाळत घाली. घरात कुणी नाही असंच मस्तुराला वाटलं असेल, ह्या एका आशेवर रोहायुने ती गोष्ट पोटात दाबून ठेवली होती.

"मी थांबतो," जोहारी म्हणाला. "तुम्ही दोघी टॅक्सीने जा. मी गाडी सोडवून घरी जातो."

"जावयाला रस्त्यावर टाकून मी बोटीत बसू?" मक भिंतीला टेकूनच म्हणाली. "लोक काय म्हणतील ते सोड, मला घास गिळेल का?"

"मक, हट्ट करू नकोस. पावणेबारा होतायत."

"हट्ट नाही. सांगतेय."

रमलीला आता त्यांची दया येऊ लागली होती. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "हे बघा, गाडी एकटी सोडून गेलात तर पाचनंतर उचलून नेतील, मग तुमचा घोर वाढेल. पण इथलं कुणी असेल तुमचं, इथला पत्ता, इथला फोन असलेलं, तर त्याने सही करायची आणि तीनला हजर राहायचं. तुम्ही मोकळे. आहे का कुणी?"

जोहारी आपल्या बुटांकडे बघू लागला. मक सरळ रोहायुकडे बघत होती.

"नाही," रोहायु म्हणाली. "कुणी नाही आमचं इथे."

शब्द तोंडातून गेला आणि तिला आईकडे बघवेना. ती तडक हॉटेलात शिरली. काउंटरवरच्या मुलीला विनवलं, सही कर, फक्त सही. मुलगी हसून नाही म्हणाली. हॉटेलचं वायफाय धरून तिने जॅमरवाल्यांना फोन लावला. बाईने सांगितलं, तीन. बोटवाल्यांना लावला. तिथल्या बाईने सांगितलं, दोन. तिने जॅमरवाल्यांना पुन्हा लावला आणि आई आजारी आहे असं धडधडीत खोटं सांगितलं. तरी तीनच. घामाने डोक्यावरचा रुमाल कपाळाला चिकटला होता. अर्धा तास असा गेला आणि हाती काही लागलं नाही.

ती परत आली तेव्हा मक रमलीच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्याच्याशी बोलत होती.

"माझी मुलगी आहे इथे," मक त्याला सांगत होती. "धाकटी. चौदा वर्षं झाली."

"मग लावा की फोन! हा घ्या माझा."

"मी नाही लावणार," मक म्हणाली आणि रोहायुकडे बोट केलं. "ही लावेल."

"मक..."

"तुला बोट हवी आहे ना? मग लाव. नंबर लिहून घे. नऊ, एक..."

म्हातारीने आठही आकडे न अडखळता सांगितले. हिला विसरायला होतं, असं कोण म्हणत होतं?

रोहायुने रमलीचा फोन हातात घेतला. तिचं बोट दोनदा चुकलं. साडेबारा वाजायला आले होते. तिकडे घंटी वाजली.

"हॅलो, कोण?"

"मी."

तिकडून फक्त गाडीच्या इंजिनाचा आवाज येत होता.

"काक?" मस्तुराने थोरल्या बहिणीचा आवाज ओळखला. आणि लगेच, "मकला काय झालं?"

"मकला काही नाही. ठीक आहे. गाडीला जॅमर लागलाय. आमची बोट आहे दोनला."

"कुठे आहात?"

"गेलांगला."

"गेलांग? इथे? कधी आलात?"

"काल."

"काल," मस्तुरा म्हणाली. "रात्री कुठे होतात?"

"हॉटेलात."

मग मस्तुराचा आवाज आला, कोरडा, कामाचा.

"गल्ली कितवी?"

ती यायला एक वाजून दहा मिनिटं झाली. तोवर रोहायुने घड्याळ किती वेळा पाहिलं ते देव जाणे. पांढरी व्हॅन गल्लीत शिरली, आणि तिच्यातून कंपनीचा निळा टी-शर्ट घातलेली मस्तुरा उतरली. बारीक झाली होती. ती बहिणीजवळून सरळ पुढे गेली, खाली वाकून तिने आईचे दोन्ही हात कपाळाला लावले आणि तशीच वाकून राहिली. मक तिच्या पाठीवरून हात फिरवत नुसती "हं, हं" करत होती. जोहारीने तोंड फिरवून नाक शिंकरलं.

मग मस्तुरा उठली, डोळे बाहीने पुसले आणि हॉटेलची पाटी वाचली.

"ह्यात उतरलात? ह्यांच्या चादरी आमच्या लॉन्ड्रीत येतात. मीच आणून टाकते दर मंगळवारी. कुणाला विचारलं असतंत तर दोन गल्ल्या पलीकडे ह्याहून स्वस्त, ह्याहून स्वच्छ आहे. खाली पार्किंगसुद्धा आहे."

"किती घेतात?" जोहारीच्या तोंडून निघून गेलं.

"अबांग, आता ऐकून उपयोग आहे का?" मस्तुरा भावजींना म्हणाली.

तिने रमलीच्या वहीत सही ठोकली, पत्ता लिहिला, तीनच्या आत परत येते म्हणून सांगितलं आणि जोहारीकडून गाडीची किल्ली घेतली. जोहारी मागे चादरींच्या गाठोड्यांत बसला. पुढे तिघी, मक मधे. एक वीस.

व्हॅन मोठ्या रस्त्याला लागली आणि पाच मिनिटांत अडकली. पुढे गाड्यांची रांग, मागे रांग. मस्तुरा दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून होती. रोहायु खिडकीच्या काचेला चिकटून बसली होती, आणि तिच्या डोळ्यांपुढे धक्क्यावरचं एक काचेचं दार सारखं बंद होत होतं. एक सत्तावीस. एक बत्तीस.

"पोचलो नाही तर नाही," मक म्हणाली.

"मक, असं अभद्र बोलू नकोस!"

"मला पाण्याची भीती वाटते," मक म्हणाली. समोर बघत, साध्या आवाजात. "नदीतल्या होडीतसुद्धा मी डोळे मिटून बसते. तू बोट म्हणालीस, मी हो म्हटलं. बोट सिंगापूरहून सुटते म्हणालीस, म्हणून हो म्हटलं. आदल्या दिवशी मुक्काम करावा लागतो म्हणालीस. मला वाटलं, आता ही आपणहून म्हणेल, मस्तुराकडे उतरू. रोज विचारत होते तुला."

तीन आठवडे रोहायु आईशेजारी बसून साऱ्या शहरातल्या खोल्या धुंडाळत होती आणि आई तिला पुन्हा पुन्हा एकच दार दाखवत होती. आधी तिला लाज वाटली. मग लाजेच्या पाठोपाठ रागही आला. पहाटे चारला उठून केलेलं ते सगळं, ते कुणासाठी केलं होतं?

"मग आधी का नाही सांगितलंस?" ती ओरडली. "तीन वर्षं, मक! तीन वर्षं!"

"सांगून तू उतरली असतीस, तर ते माझ्यासाठी झालं असतं. मला ते नको होतं."

रांग हलली. मस्तुराने बाजूच्या पट्ट्यात व्हॅन घातली, एका टॅक्सीने मागून हॉर्न मारला, तिने लक्ष दिलं नाही. बंदराकडचं वळण आलं तेव्हा एक चव्वेचाळीस झाले होते. इमारतींच्या मागून बोट दिसली, एखादी दहा मजली चाळ पाण्यावर आणून ठेवावी तशी. जोहारी गाठोड्यांतून डोकं वर काढून "अल्लाह!" म्हणाला.

दाराशी व्हॅन थांबली. एक एकोणपन्नास. जोहारीने बॅगा भराभर खाली फेकल्या. मक जागची हलली नाही.

"तुम्ही दोघं जा," ती म्हणाली. "मी हिच्याकडे राहते. रविवारी मला घेऊन घरी जा."

"मक, तुझं तिकीट..."

"फाड."

"जा ना मक," मस्तुरा म्हणाली. "काकने एवढं केलंय तुझ्यासाठी."

"तिने केलं. आता ते तिलाच भोगू दे. नवऱ्याला घेऊन कुठे गेलीय ती जन्मात? जा रोहायु. रागावून जायचं तर रागावून जा, पण जा."

रोहायु उतरली. आपल्याऐवजी दुसरीची निवड झाली, हे तिला लागलं. खोटं कशाला बोला, जिव्हारी लागलं. पण आईचा चेहरा असा मोकळा तिने बाप गेल्यापासून पाहिला नव्हता, आणि तेही तिला दिसत होतं. जोहारी दाराशी पोचून हात हलवत होता. ती चार पावलं गेली आणि परत फिरली, व्हॅनला वळसा घालून मस्तुराच्या खिडकीशी आली.

"तिची रक्तदाबाची गोळी सकाळी, जेवणाआधी," ती म्हणाली. "गुडघ्याचं तेल निळ्या पिशवीत आहे. रात्री दोनदा उठते, दिवा चालू ठेव. बॅग राहिली, बॅग खालीच..."

"अबांगने आत ठेवली."

"बरं."

एक त्रेपन्न. दाराशी उभी असलेली बाई फलक उचलायला लागली होती.

"मस्तुरा, त्या दिवशी मी घरात होते," रोहायु म्हणाली. "तू आलीस तेव्हा. कुलूप मीच घातलं."

"मला माहीत आहे, काक," मस्तुरा म्हणाली. "तुझ्या चपला पायरीवर होत्या."

रोहायुने खिडकीची कड धरली. मस्तुराने तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि लगेच तो दूर ढकलला.

"पळ आता, दार लावतायत. रविवारी मी येते न्यायला. आणि हॉटेल शोधू नकोस."